वानखडे मास्तरांचे चौकोन

वानखडे मास्तरांचा विषय निघाला की आमचा चहा हमखास गार होतो! एकाने एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. सी. पी. अँड बेरार प्रांताचे, इंग्रजी अमलातले दिवस. मास्तर अमरावतीच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, आम्ही चौघं त्यांचे राजापेठेतले चेले. एका विलायती मासिकात त्यांनी रशियातला सुप्रीमॅटिझम पाहिला. नुसते चौकोन, वर्तुळं. माणूस नाही की झाड नाही! झालं, शेटजींची फेटेवाली पोर्ट्रेटं त्याच दिवशी बंद.

"'हे काय आहे' असं न विचारता माझं चित्र पाहणारा एक माणूस भेटू दे. नाही तर ब्रश सोडला!" म्हणाले. आम्ही हसलो. ते हसत नव्हते.

*

पहिला काळा चौकोन त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात टांगला. दुसऱ्या दिवशी त्यावर खडूने सुविचार! लिहिणारे खुद्द हेडमास्तर. मास्तर ओल्या फडक्याने पुसत होते, तर हेडमास्तर जाता जाता म्हणाले, "फळा झकास आणलात हो! जरा मोठा हवा होता."

*

वरूडचे एक बागाईतदार आले. केशरी वर्तुळ त्यांनी वाकून वाकून पाहिलं.

"संत्रं बढिया हाये मास्तर, पन देठ कोठी गेला?"

"संत्रं नाही, वर्तुळ आहे."

"मंग आमच्या बगीच्यातलं नसन!"

*

वानखडे काकू मात्र नवऱ्याच्या बाजूने भांडायच्या. शेजारणी हसल्या की फणकाऱ्याने म्हणायच्या, "तुमच्या दारातली रांगोळी का मानसाचं थोबाड असते?"

आणि घरात येऊन हळूच, "अजी, पन खरंच, काय हाये ते?"

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. आम्हालाच वाईट वाटलं.

*

मग अकोल्याचं प्रदर्शन. काळा चौकोन, त्याखाली तिरपा लाल. तीन दिवस येणारा प्रत्येक जण तेच विचारून गेला. शेवटच्या दुपारी मास्तर मला म्हणाले, "उतरव. संपलं आपलं."

तेवढ्यात रहीमचाचा आले. जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गाठींवर मार्क मारायचं त्यांचं काम. कुणा व्यापाऱ्याचा त्रिकोण, कुणाचा गोल. वाचता न येणाऱ्या हमालालाही गाठ कुणाची ते कळावं म्हणून. चाचा चित्रापुढे उभे राहिले ते हलेचनात. मास्तर मान खाली घालून प्रश्नाची वाट पाहत होते.

चाचांनी एकदम हात पुढे केला, चित्राला लागायच्या आत मागे घेतला.

"मास्तर, हा लाल घसरून राहिला नं! थांबवा त्याले!"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"किती वर घेऊ, चाचा?"

चाचांनी एक डोळा मिटला.

"दोन बोटं."