लोखंडाला शिलाई

तयार सायकली बघायला सर मला कोल्हापूरच्या शाहूपुरीत घेऊन गेले, तेव्हा दुकानदारानं एक बाहेरच्या देशातली रेसिंग सायकल काढून दिली. मी टांग टाकली आणि दांडीवरच अडकले.

“पावणं, ही उंच बाप्यांची हाय,” तो सरांना म्हणाला. “पोरीला घोड्यावर चढवल्यागत झालं की.”

दुसरी लहान होती, पण तिच्यावर पुढं वाकून कोपरं टेकवता येत नव्हती आणि मला नेमकं तेच हवं होतं. आमची स्पर्धा पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग असते. सायकलवर तासन्‌तास दुमडून बसायचं आणि उतरून त्याच पायांनी धावायचं. सायकल मापाची नसली तर ते पाय पुढं उचलतच नाहीत.

पोहणं मी गावच्या तळ्यात शिकले होते. गाव पार भंडाऱ्याकडचं, सातवीनंतर शाळा सुटलेली. सर पोहण्याचे प्रशिक्षक. त्यांनी एका स्पर्धेत मला पोहताना पाहिलं, घरच्यांशी बोलले आणि कोल्हापूरला आणलं. कसबा बावड्यात त्यांच्याच घरी राहायचे, त्यांच्याच घरचं जेवायचे. त्यामुळे कुणी काहीही दिलं तरी माझ्या तोंडून एकच उत्तर निघायचं, “छान आहे.” भाजीत मीठ नसलं तरी.

शेवटी सर म्हणाले, बनवूनच घेऊ. त्यांच्या ओळखीचे एक मिस्त्री होते, अपघातात वाकलेल्या मोटरसायकली सरळ करणारे. सायकल ते पहिल्यांदाच करणार होते. पातळ पोलादी पाइपांचा एकच संच सरांनी कुणाकुणाला गळ घालून मागवला होता. ते बिघडले तर दुसरे मिळणार नव्हते, आणि त्या वर्षीची स्पर्धा मी काठावरून बघणार होते. मग सर मला ठेवून घेतील की गावाकडच्या गाडीत बसवतील, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

मापाच्या दिवशी मिस्त्री अडखळले. पायाचं आतल्या बाजूचं माप घ्यायचं होतं. त्यांनी घरात हाक मारली, “अगं ए, टेप घेऊन ये.”

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली भाभी म्हणायची. त्या घरी ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवायच्या. त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन भिंतीला उभं केलं, टेप लावला आणि बंद दारातून एकेक आकडा ओरडून नवऱ्याला सांगितला.

“निस्ती हाडं. सर खायला घालत न्हाईत व्हय गं?”

“घालतात की,” मी म्हणाले. तो ‘की’ मी कोल्हापुरातच उचलला होता.

आठवड्यानं बोलावणं आलं. सांगाडा उभा होता, पण मागचे बारीक पाइप अजून जोडायचे होते आणि सांध्यांना वेल्डिंगचे नुसते टाके होते. मी बसून बघायचं, मग ते पक्कं करणार. मिस्त्रींनी सांगाडा स्टँडवर आवळला, सीट अगदी खाली बसवली. मी चढले.

पायडल खाली गेलं तसा माझा पाय त्याच्यामागं धावला. टाच सुटली, फक्त बोटं उरली. कंबर आधी डावीकडं घसरली, मग उजवीकडं. सर पोहण्यातले. ते समोर उभे राहून माझी कोपरं बघत होते.

“बसतंय न्हवं?” मिस्त्रींनी विचारलं.

“हो. छान आहे.”

त्यांनी मला उतरवलं आणि वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली. एकदा ती ज्योत पेटली की बोलून उपयोग नव्हता. एवढ्या माणसांनी एवढं केलं आणि आपण नाक मुरडायचं? पण या सायकलवर माझ्यानं शेवट गाठवणार नव्हता.

“थांबा,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की सरांनीच तो पुढं पोचवला. “पाय पुरून नाही राहिला.”

“पुरून? कुठं पुरलास पाय?”

“पोचत नाही म्हणते ती,” सर म्हणाले. त्यांना माझी बोली कळायला लागली होती.

मिस्त्रींनी काच वर केली. “आठ दिसात पाय आखूड झाला व्हय हिचा? माप काय मी सपनात घेतलं?”

“तुम्ही कुठं घेतलं?” दारातून भाभी म्हणाल्या. “मी घेतलं की.”

पुन्हा आतली खोली, पुन्हा टेप. आकडा दीड इंचानं उतरला.

“तवा जास्त का सांगितलंस?”

“मग शिलाईला सोडाय नको? अंगाबरोबर कापड कोण कापतंय? धुतल्यावर आटलं म्हंजे?”

“लोखंडाला शिलाई असती व्हय गं? का सायकल धुवून वाळत घालणार हाईस?”

सर तोंड फिरवून हसले. मला हसू येईना.

“लांब हाय म्हणून कापता तरी यील,” भाभी म्हणाल्या. “आखूड असतं तर ठिगळ लावणार हुतासा?”

मिस्त्री ग्राइंडर लावून टाके उडवायला बसले. पाइप पत्र्याच्या डब्यासारखा पातळ, चाक जरा खोल गेलं तर संपलं. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. उभ्या पाइपाचा माथा कापला गेला. आडव्या पाइपाचं तोंड कानशीनं घासायचं, बसवायचं, उजेडात धरून फट बघायची, परत घासायचं. एका जागी काळा डाग दिसला. मिस्त्रींनी त्यावरून नख फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. भोक नव्हतं. भाभींनी आणलेला चहा कुणी प्यायला नाही.

नवे टाके बसले. मी पुन्हा चढले. या वेळी मिस्त्री मागं जाऊन उकिडवे बसले.

“खरं काय ते सांग. आम्हाला वाईट वाटंल म्हणून गप बसू नगो.”

मी पायडल मारत राहिले. टाच जागेवर होती, कंबर हलत नव्हती.

“कोपरं जरा लांब जातात,” मी म्हणाले.

“ते म्होरचं हँडल सरकतंय, नंतर बघू. पाय?”

“पाय बरोबर आहे. करा पक्कं.”

काच खाली आली. भाभींनी डोळ्यांना उजेड लागू नये म्हणून माझा चेहरा आपल्या खांद्याकडं वळवला. समोरच्या भिंतीवर निळा उजेड थरथरत होता, आणि तो थांबेपर्यंत आम्ही दोघी तशाच पाठ करून उभ्या राहिलो.