मुलगा बघायला गेलेल्या दोघी

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. सुप्याच्या कंपनीत खोकी भरणाऱ्या जयमालाला एकामागून एक पाहुणे बघून जात होते. "चालून दाखव, बाळा." "वर बघ, बाळा." शेवटचा मुलगा भंडारदऱ्याचा, अमृत. मध्यस्थ भिमाजीमामा घसा खाकरून सांगून गेले, "अँहँ... काय म्हंतो मी, पोरगा धरनावर कायम हाय. पेन्शनीचा मानूस!" वडील, बन्सीभाऊ, खूश. पाहुण्यांचा होकार आला की सोमवारी सुपारी फोडायची होती.

जयमालाच्या डोक्यात मात्र पोहे होते. बघायच्या दिवशी पोह्यांत मीठ दोनदा पडलं. पाहुण्यांनी घासभर खाऊन बशा खाली ठेवल्या, अमृतनं परत मागून घेतले. माणूस भला, की ह्याला चवच कळत नाही? हे समजल्याशिवाय होय म्हणायचं नाही, असं तिनं ठरवलं.

"मग जाऊ की," तिची मैत्रीण रश्मी म्हणाली. "त्यांनी पोरगी बघितली, आपुन पोरगा बघू."

घरी ओव्हरटाइम सांगून दोघी रविवारी पहाटेच रश्मीच्या मामाच्या लूनावर निघाल्या. चढ आला की लूना धापा टाकायची. रश्मी उतरून ढकलायची आणि ढकलता ढकलता भिमाजीमामा व्हायची, "अँहँ... काय म्हंतो मी, लूना कायम हाय, पेन्शनीची हाय!" जयमाला हसताना पायडल मारायचं विसरायची.

कोतुळाच्या अलीकडं उतार लागला. "खरं सांग, आवडलाय न्हवं?" रश्मीनं विचारलं.

"रस्ता बघू दे मला," जयमाला म्हणाली. मग वाऱ्यावर ओरडली, "व्हय! लई!"

धरणाच्या रस्त्याला विचारत गेल्या, तर एका छपराखाली अमृत भजी तळताना सापडला. ह्यांना बघून झारा हवेतच राहिला. रश्मीनं बाकड्यावर बैठक मारली, घसा खाकरला.

"अँहँ. मुलाचं नाव?"

"अ... अमृत."

"शिक्षन?"

"बारावी. नापास."

"नोकरी कायम का?"

गिऱ्हाइकांच्या चहाच्या बशा ओठांशीच थांबल्या. अमृतनं जयमालाकडं बघितलं. "नोकरीच न्हाई. धरनाच्या दारात भजी तळतो. मामा कायम म्हनले तवा मी गप बसलो. खरं सांगितलं तर तुमी नको म्हनाल, म्हनून."

"आन् पोहे?" जयमालानं तोंड उघडलं.

"लई खारट. जीभ सोलली."

"मग परत का मागितले?"

"वाढायला तुमीच येनार हुता न्हवं."

"आरं तिच्या!" कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला.

जयमालाचे कान तापले. "मुलीच्या हातचे म्हनून सांगितलं, पर पोहे ह्या रश्मीनं केल्ते. मी नुसतं परत मीठ टाकलं. आन् मी कंपनी सोडनार न्हाई. चालंल?"

अमृतनं भज्यांचा घाणा उतरवला. "सुप्यात भजी खात्यात का?"

"कंपनीची पाळी सुटली की फाटकावर नुसती झुंबड असती."

"मग चालंल. गाडी तितं लावतो."

"चालून दाखव, बाळा!" रश्मी म्हणाली. अमृत झारा हातात घेऊन छपराच्या ह्या टोकापासून त्या टोकाला चालला. गिऱ्हाइकांनी टाळ्या पिटल्या.

दिवेलागणीला ओसरीवर बन्सीभाऊ नि भिमाजीमामा सुपारीचंच बोलत बसले होते. जयमालानं लूनापासून झाऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. भिमाजीमामा घसा खाकरून चपला शोधायला लागले.

"पोरीनं पोरगा बघायला जायचं?" बन्सीभाऊ कडाडले. "आन् पाहुन्यांचा होकार यायचाय अजून!"

"आलाय. मीच जाऊन घिऊन आले," जयमाला म्हणाली आणि कागदाचा तेलकट पुडा त्यांच्यापुढं ठेवला.

बन्सीभाऊंनी पुड्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं. मग एक भजं उचललं आणि बराच वेळ चावत राहिले.

"मीठ बरुबर हाय," ते म्हणाले.