पाड्यावरचा मोगरा

निवृत्त झाल्यावर माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर काय करायचं, हे मला कळेना. समोरच्या दारातल्या शेजारणीही शाळेतून निवृत्त झालेल्या, पण सगळे त्यांना अजून टीचरच म्हणतात. एकदा त्या म्हणाल्या, "रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की आम्ही चारजणी पाड्यावर जातो. येता?"

मी गेले. पाडा महामार्गापलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. दिवाळी झाली की तिथली माणसं पोराबाळांसकट वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. टीचरच्या माहेरी फुलांची वाडी. त्यांनी आणि चर्चमधल्या मैत्रिणींनी ठरवलं होतं, धान्य वाटायचं नाही, मोगरा लावायला शिकवायचं. रोपं त्यांनी घरच्याच वाडीत मोगऱ्याच्या फांद्यांचे तुकडे, म्हणजे फाटे, लावून तयार केली होती.

एका घरी दोन मुलींची आई होती. लहानखुरी, कमी बोलणारी. तिचा नवरा ओसरीवरून म्हणाला, "फुलांनी पोट भरंल काय?" ती खड्डे खणत राहिली.

पावसाळा सरताना झाडांना कळ्या आल्या. मुली नाचायला लागल्या. टीचर म्हणाल्या, "या खुडून टाका. पहिल्या वर्षी फुलू दिलं तर झाड खुजं राहतं."

"टीचरबाय, घरात तांदूल सरलाय," मुलींची आई म्हणाली. तिथे सगळेच सगळ्यांना अरेतुरे करतात. "आनि तू फुलं टाकाया सांगतंस?"

टीचर तिच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि पहिली कळी स्वतः खुडली. थोड्या वेळाने तीही खुडू लागली.

परतताना रिक्षात मी चिडूनच विचारलं, "थोडी फुलं विकू दिली असती तर काय बिघडलं असतं?"

"मलाही तसंच वाटत होतं," टीचर म्हणाल्या. "पण मग पुढच्या वर्षीही तिला भट्टीच आहे."

पुढच्या रविवारी गेलो, तर झाडांवर एकही कळी नव्हती.

त्या दिवाळीनंतर नवरा एकटाच भट्टीवर गेला. ती मुलींना घेऊन मागे राहिली आणि मुलींची शाळा पहिल्यांदाच मध्ये तुटली नाही. दुसऱ्यांच्या वाडीत भाजी खुडायला जाऊन तिने घर चालवलं. थंडी संपता संपता पाड्याजवळचा ओहोळ आटला. तेव्हा तिने वाळूत खड्डा केला आणि झिरपलेलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरून झाडांपर्यंत नेलं. झाडांच्या बुडाशी भाताचा पेंढा पसरला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

होळीला नवरा घरी आला. आजूबाजूचं सगळं करपलेलं आणि घरामागे मात्र हिरवीगार झाडं. तो बराच वेळ तिथे उभा होता, असं थोरल्या मुलीने आम्हाला सांगितलं. तो भट्टीवर परत गेला नाही. ओहोळातला खड्डा त्याने खोल केला, कडेने दगड रचले.

पुढच्या उन्हाळ्यात मोगरा लागला. दोघं उजाडायच्या आत कळ्या खुडत आणि ती ओल्या फडक्यात बांधून विरारला गजरेवाल्यांकडे नेई. पहिल्या दिवशी टीचर सोबत जायला निघाल्या, तर ती म्हणाली, "तू नको येऊस. तू असलीस का ते तुज्याशीच बोलतील."

त्या पावसाळ्यात आम्ही आणखी रोपं घेऊन तिच्या दारात गेलो. तिने ती घेतली नाहीत.

"माजे मी फाटे लावलेत. ही त्या खालच्या घरात दे. शिकवाया मी जाईन."

टीचर हसल्या, पण मी पाहिलं, त्यांचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं नोकरी केली, पण आपल्या हिंमतीवर एवढं उभं करणारं माणूस मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

तिला मात्र आमच्याकडे बघायला वेळ नव्हता. तिने टीचरचा हात धरला आणि घरामागे ओढत नेलं. "टीचरबाय, पावसात मोगरा थांबतो. तवा ह्या मोकल्या तुकड्यात काय लावू?"

टीचर काही सुचवणार, तोच नवरा म्हणाला, "काकडी." ती म्हणाली, "मिरची." आणि त्या दोघांचं तिथेच जुंपलं.