यादीमावशींची फाइल

जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजसमोर ज्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्या बाईंना सगळे यादीमावशी म्हणतात. नाव उगाच पडलेलं नाही. प्रवेशाची कुठलीही यादी फळ्यावर लागण्याआधी कॉलेजचा शिपाई प्रती काढायला ती यांच्याकडेच आणतो. त्यातली एखादी प्रत तिरकी येते, एखादीवर डाग पडतो. दुसरं कोणी असतं तर चुरगळून टाकली असती. बाई ती नीट फाइलला लावतात, आणि शेवटी प्रतीक्षा यादी कितव्या नंबरापर्यंत गेली तो आकडा कोपऱ्यात लिहून ठेवतात. असं एकदोन नाही, तब्बल बावीस वर्षं!

शेजारच्या टेलरमास्तरांना वाटायचं, बाईंना रद्दीचा नाद आहे. एकदोनदा त्यांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. मग त्यांच्याच लेकीचं नाव त्या कॉलेजच्या प्रतीक्षा यादीत एकतिसावं लागलं, आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या एका कॉलेजात तिला कॉमर्सची जागा मिळत होती, पण त्या दिवशी चारच्या आत होकार द्यायचा, आणि होकार दिला की इथलं नाव कटणार. दुपारी दोन वाजता मास्तर लेकीला घेऊन नाव काढून घेण्याच्या अर्जाची झेरॉक्स काढायला आले. पोरीचे डोळे रडून सुजले होते.

"काय हो मास्तर, हे कशाला?" बाईंनी अर्ज हातात घेतला, पण मशीनवर ठेवला नाही.

"शंभरात सहा घेतात, ताई! कॉलेजच्याच माहितीपुस्तकात छापलंय. कशाला जीव टांगणीला लावायचा?"

"गिऱ्हाईक न बघता कापडाला कात्री लावता का तुम्ही? हे शंभर कोण, ते आधी विचारा की! अर्ज आले दोन हजार, जागा एकशेवीस. झाले तुमचे शंभरात सहा. पण ती गर्दी केव्हाच घरी गेली, मास्तर. आता हिच्यापुढे उरलेत फक्त तीसजण."

"पण एकशेवीस जागांना एकशेवीस पोरं बोलावलीत ना?"

"बोलावलीत. सगळी बसतात थोडीच! हुशार पोरं चार ठिकाणी अर्ज टाकतात आणि एकाच ठिकाणी जातात. त्यांची रिकामी जागा या यादीला मिळते." बाईंनी फाइल काढून धपकन काउंटरवर टाकली. "हे बघा. चव्वेचाळीस, अडतीस, एकेचाळीस, छत्तीस, सत्तेचाळीस. फाइलभर शोधा, चौतिसाच्या खाली यादी कधी थांबलीच नाही."

"आणि यंदा थांबली तर?"

"तर पोरीचं वर्ष जाईल. होणारच नाही असं मी म्हणणार नाही. मी काय ब्रह्मदेव लागून गेले?"

हे ऐकून मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. खोटी का होईना, हमी द्यायची ना! पण बाई तशा नाहीत. धीर देण्यासाठी आकडा फुगवणं त्यांना जमतच नाही.

"मावशी, चौतीस कोणत्या वर्षी होता?" पोरीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. ती पानं उलटत उलटत फाइलच्या तळाशी पोहोचली. तिथे सगळ्यात जुना, पिवळा पडलेला कागद होता. कोपऱ्यात चौतीस, आणि एकोणिसाव्या नावाखाली पेन्सिलची रेघ. "ही कोण?"

"मी," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी वाकून ते नाव वाचलं.

"माझ्या बाबांनाही कोणीतरी असंच सांगितलं होतं, शंभरात अमुकच घेतात म्हणून. त्यांनी माझं नाव काढून घेतलं. दुकान टाकलं त्या वर्षी शिपाई जुने कागद घेऊन आला, त्यात ही यादी निघाली. तेव्हा कळलं, ती चौतिसापर्यंत गेली होती. बाबांवर राग नाही हो. त्यांना समजावून सांगणारं कोणी नव्हतं."

मास्तरांनी अर्ज परत मागितला, घडी करून खिशात घातला. चार वाजून गेले तरी ते दुकानातून हलले नाहीत.

पुढचे नऊ दिवस त्यांनी काय काय शिवलं ते विचारू नका. एका शर्टाला तर दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. दहाव्या दिवशी शिपाई शेवटची यादी घेऊन आला. बाईंनी ती दोनदा वाचली. मग जोरात हाक मारली, "मास्तर! अहो, पोरीला आणा! लागला नंबर!"

मास्तर नाचायचेच बाकी राहिले. पोरगी तर मावशींच्या गळ्यातच पडली. पण बाईंचं बोट अजून यादीच्या शेवटच्या ओळीवरच होतं. "बत्तिसावर थांबली हो. इतकी खाली कधीच आली नव्हती. आणखी दोन पोरं इथेच बसली असती, तर मी तुमच्या लेकीचं वर्ष घालवलं असतं."

"पण नाही ना बसली!"

"हिच्या बाबतीत नाही बसली. पुढच्या वर्षी कोणी विचारायला आलं, तर आधी हा कागद दाखवणार मी."

त्यांनी डाग पडलेली एक प्रत फाइलला लावली, कोपऱ्यात बत्तीस लिहिलं. मग जरा थांबून एकतिसाव्या नावाखाली पेन्सिलने रेघ मारली. सगळ्या फाइलमध्ये ती दुसरीच रेघ होती.