शिवणवाल्या काकूंचा रोजचा प्रश्न

शिवणवाल्या काकू रोज सकाळी दारात उभं राहून नवऱ्याला विचारायच्या, "रागावला नाहीत ना?" काका म्हणायचे, "नाही," आणि थापी घेऊन कामावर निघायचे. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं, बोला आता!

काकूंचं तरी काय चुकलं? आईवडील लहानपणीच गेले. मग मामा, मग मावशी, पुन्हा मामा. कुणाच्या कपाळावर आठी पडली की यांचं गाठोडं हललंच. आणि नवरा मिळाला गवंडी, तोही अशा घरातला, जिथे बाप महिन्यातून चार वाक्यं बोलायचा. काकांच्या एका "नाही"ने काकूंचं समाधान कसलं होतंय? आपण या माणसाला खरंच हव्या आहोत, की नुसतं निभावून नेतायत, या विचाराने जीव सदा टांगणीला.

मग नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून काकू आठ दिवस तिच्याकडे राहिल्या. दुसऱ्याच दिवशी खांदे भरून आले. स्वयंपाकाचा ओटा केवढा उंच! भाजी चिरायची तर पाटावर उभं राहावं लागे. नणंद हसली.

"वहिनी, ओटे असेच असतात. तुमचा ओटा दादाने लग्नाआधी फोडून वीतभर खाली घेतला. आई केवढी ओरडली! तर म्हणतो कसा, ती बुटकी आहे, तिचे खांदे दुखतील."

काकू पाटावरून खाली उतरल्या. जन्मभर लोकांची मापं घेतली आणि घरातलं हे माप कधी दिसलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! आरसा, खुंट्या, कपाटाची कडी, सगळं आपल्या हाताला येतं ते उगाच नव्हे. आणि तो सहा फुटी माणूस एकोणीस वर्षं कंबर मोडून वाकतोय, कपबशा विसळतोय. काकूंना भरून आलं. असा माणूस आपल्या वाट्याला आला, म्हणून त्यांनी मनोमन हात जोडले.

घरी परतल्यावर दुसऱ्या सकाळी काकू दारात आल्या, हसल्या, पण विचारलं काहीच नाही. काका पायरी उतरले, थांबले, पुन्हा वर आले. चपलेचा पट्टा उगाच नीट केला.

"आज विचारलं नाहीस?"

"आता कशाला विचारू? ओट्याचं कळलं मला."

काका चक्क लाजले. थापी या हातातून त्या हातात घेतली.

"तरी विचारत जा," ते म्हणाले. "आमच्या घरी मला कधी कुणी विचारलं नाही."

काकूंनी विचारलं.