वस्ताद ‘सोड’ म्हणेपर्यंत

गॅरेजमधले किस्से जुन्या नटबोल्टांसारखे साठतात. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण डबा हलवला की खुळखुळतात. आमचं गॅरेज म्हणजे घोटावडे फाट्याला आंब्याखाली चार पत्रे. स्वातंत्र्यानंतरची पहिली दहा-पंधरा वर्षं. वस्ताद सोपानराव आणि मी, दोघंच. समोर भातखाचरं आणि त्यांच्यावर सकाळी उशिरापर्यंत धुकं. गाडीचा आवाज आधी यायचा, गाडी बऱ्याच वेळानं दिसायची. अजूनही दुपारी डोळा लागला की मला तो आवाज ऐकू येतो.

जवळच पिरंगुटचा घाट, त्यामुळे आमचं मुख्य काम ब्रेकचं. जुन्या गाड्यांत मास्टर सिलेंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या आत असायचा. पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलणारा तो. त्यात तेल घालायचं तर चटई काढा, फळी उचला, बूच उघडा, तेवढ्यात चपलेचा चिखल आत. वस्तादांनी तेलाचा डबाच वर बॉनेटमध्ये बसवायला सुरुवात केली. तिथून तांब्याची नळी खाली सिलेंडरला. लोक म्हणायचे, "वस्तादाचं डोकं लई चालतंय."

डोकं चालत होतंच. पण डोळे चालत नव्हते, हे फक्त मला ठाऊक. फळीखालच्या अंधारात त्यांना काही दिसेना. बॉनेटमधल्या डब्यात बोट बुडवलं की तेल किती ते कळायचं. हे बाहेर फुटलं असतं तर ब्रेकचं काम त्यांना कुणी दिलं असतं? आणि ते काम गेल्यावर वस्ताद घरी बसून काय करणार होते? म्हणून मी गप्प.

*

एकदा एक सिलेंडर मी उन्हात धरून आतून चांगला निरखला आणि म्हटलं, "साफ हाय."

वस्तादांनी करंगळी आत फिरवली. "हितं चरा हाय. केसाएवढा."

पुन्हा बघितलं. होता! वस्तादांचं तोंड तेव्हा डोंगराकडे होतं.

"डोळ्यास्नी घाई आसती," ते म्हणाले. "बोटांस्नी न्हाई."

*

रिह्याच्या एका बागायतदाराच्या गाडीला डबा बसवायचा होता, पण आमच्याकडे एकही बेताचा डबा नव्हता. त्यानं घरून फिरकीच्या झाकणाचं पितळी भांडं आणलं. छान बसलं.

दसऱ्याला त्याच्या आईनं पूजेसाठी बॉनेट उघडायला लावलं, तर आत देवाच्या तेलाचं भांडं! तेही निम्मं रिकामं. म्हातारीनं हळहळून ते समईच्या तेलानं काठोकाठ भरलं. चार दिवसांत आतली रबरं फुगली, ब्रेक आवळले, गाडी जागची हलेना.

वस्तादांनी रिह्याला जाऊन झाकण उघडलं, वास घेतला. "तीळ."

म्हातारी पदर तोंडाला लावून उभी होती. "माजं चुकलं व्हय रं?"

"न्हाई आत्या," वस्ताद म्हणाले. "गाडी थांबवायचीच व्हती न्हवं? लई थांबली एवढंच."

*

नवं तेल घातलं की ब्रेकच्या नळ्यांत हवा अडकते; ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली चाकाशी हवा बाहेर सोडणारं निपल सैल करायचं. वरच्याला "धर" म्हटलं की धरायचं, "सोड" म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही. मधेच उचलला की हवा परत आत आणि सगळी मेहनत वाया.

एकदा मी गावाला गेलो होतो. वस्तादांनी रस्त्यानं मेंढरं घेऊन चाललेल्या बिरा धनगराला गाडीत बसवलं. "धर" म्हणाले आणि पान्हा शोधायला गेले. चाचपडत पान्हा सापडायला वेळ लागतो, ते बिराला काय माहीत. तेवढ्यात मेंढरं सुटून एका खाचरात शिरली. खाचरवाला काठी घेऊन बोंबलत आला, बिरा बसल्या जागेवरून आपली मेंढरं बघतोय.

"आरं, ऊठ की!"

"वस्ताद सोड म्हनलं न्हाईत अजून."

*

ब्रेकच्या तेलाची बाटली आणि जॅकच्या तेलाची बाटली सारखीच होती. ब्रेकमध्ये जॅकचं तेल गेलं की रबरं संपली. बोटांना दोन्ही तेलं सारखीच लागायची, वस्ताद वासावर ओळखायचे. आणि ब्रेकचं तेल वस्तादानंच ओतायचं, हा आमचा रिवाज.

मी एका बाटलीला दोरा बांधला. त्यांनी तो सोडून टाकला. "लोक इचारतील, दोरा कशाला."

त्यामुळे वस्तादांना पडसं झालं की आमच्याकडे ब्रेकचं काम बंद. लोकांना वाटायचं, काहीतरी देवाचं असेल.

*

पौडचे डॉक्टर मूळचे पुण्याचे. त्यांच्या जुन्या गाडीला पहिला डबा बॉनेटमध्ये बसला होता. एका सकाळी धुक्यातून ते आले. मागं त्यांची बायको, दिवस भरत आलेले, बाळंतपणाला माहेरी पुण्याला निघालेली. पेडल पार खाली जात होतं.

वस्तादांचं नाक चोंदलेलं. "आज न्हाई जमायचं, डाक्टर."

"मग घाट कसा ओलांडू?"

वस्ताद आत जाऊन सिलेंडरची नवी रबरं घेऊन आले. दुपारपर्यंत आम्ही सगळं बसवलं. तेल ओतायची वेळ आली तेव्हा मी गाडीखाली होतो. वस्ताद दोन्ही हातांत दोन बाटल्या घेऊन बॉनेटपाशी आले. नुसते उभे. मला त्यांचे पाय दिसत होते. हाक मारली असती तर सगळं उघडं पडलं असतं. मी तसाच पडून राहिलो.

डॉक्टरांच्या चपला पुढं आल्या. बुचं काढल्याचा, मग हुंगल्याचा आवाज आला.

"ही," डॉक्टर म्हणाले. "उजव्या हातातली. ओता."

वस्ताद म्हणाले, "कवापास्नं म्हाईत हाय?"

"डबा वर घेतलात तेव्हापासून."

तेल ओतल्याचा आवाज आला. डॉक्टर गाडीत जाऊन बसले. वस्ताद म्हणाले, "धरा."

मी निपल सैल केलं, हवा निघाली, निपल आवळलं, झालं म्हणून चाकावर पान्ह्यानं टकटक केली. वरून वस्तादांचं "सोडा" येईना. पुन्हा टकटक केली. चाकाआडून डोकं बाहेर काढून बघितलं. वस्ताद बॉनेटला टेकून हातातल्या बाटलीवरून बोट फिरवत होते. मागं बाई खिडकीतून धुकं गेलेली खाचरं बघत होत्या.

"वस्ताद, सावकाश," डॉक्टर आतून म्हणाले. "मी धरलंय."