गावच्या दुधाचा पैलवान

माझं लग्न एका माणसाशी झालं, असं मला वाटत होतं. सासरी आल्यावर कळलं, तो माणूस गावाचा आहे. दिवस उगवायच्या आत दाराशी कुणीतरी चरवी घेऊन उभं असायचं. ज्याच्या दारात दुभतं जनावर आहे, त्यानं आपल्या वाराला पैलवानाच्या घरी दूध पोचवायचं, असं गावानं मारुतीसमोर बसून ठरवलं होतं. चरवी माझ्या हातात देताना बाया बजावायच्या, "ह्यातला एक थेंब बी दुसऱ्याच्या तोंडी लागू दिऊ नगंस." दुसरं म्हणजे मीच. घरात सासू आणि मी दोघीच होतो, आणि सासूला दूध पचत नव्हतं.

आमचं गाव मराठवाड्यात, वाशी आणि येरमाळ्याच्या मधे. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, बाजारात नवे पैसे चालू झाले होते. माझे वडील तुळजापूरकडे शाळामास्तर होते, त्यामुळं मला लिहिता-वाचता येत होतं. त्या घरात त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता, मलाही नव्हता.

नवऱ्यानं वस्तादांच्या पायावर हात ठेवून शब्द दिला होता, की आमच्या जत्रेतली शेवटची मोठी कुस्ती मारल्याशिवाय लंगोट सोडणार नाही. तालमीच्या भाषेत याचा अर्थ, बायकोच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. मग लग्न कशाला केलं, असं कुणीही विचारेल. सासूचे गुडघे गेले होते आणि घरात भाकरी थापायला माणूस नव्हतं, म्हणून केलं. ते झोपायला तालमीत. मी आणि सासू एका वाकळेवर. सासू माझ्या अंगावर हात टाकून झोपायची, मी कूस बदलली तरी जागी व्हायची. जेवायला आले की ते मला दिसायचे, तेवढाच आमचा संसार. बोलणं मऊ होतं त्यांचं. एवढ्या मोठ्या देहातून एवढा लहान आवाज कसा येतो, याचं मला हसू यायचं.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत त्यांची कुस्ती बरोबरीत सुटली. समोरचा सोलापूरकडचा होता आणि चांगला तयारीचा होता, पण गावाला त्याचं काय? दूध घालायला येणाऱ्या बायांची तोंडं बदलली. एक म्हणाली, "आमच्या लेकरांच्या तोंडचं काढून घालतोय बाई, आन् नुसतीच बरोबरी!" ते आतल्या खोलीत लंगोट वाळत घालत होते. त्यांनी ऐकलं असणार.

पुढच्याच बाजाराला ते वाशीला गेले आणि येताना कागदाची एक पुडी घेऊन आले. हैदराबादेकडचा कुणी हकीम बाजारात बसायचा, त्याच्याकडची. सकाळी त्यांनी लोण्याच्या गोळ्यात त्यातली चिमूट घातली आणि गिळली. मी चुलीपाशीच होते.

"काय हाय ते?"

"सोमल. शुद्ध करून भस्म केलंय त्याचं."

"आमच्या घरी उंदरांना घालत्यात, तो?"

"त्यो येगळा."

"वस्तादांना ठाव हाय?"

"न्हाय. आन् तू बी कुणाला बोलू नगंस. गाव म्हणंल, आमच्या दुधात ताकद न्हाय व्हय? दुधाचा अपमान हुईल."

"मग खाऊ नका."

"म्या माझ्या हातानं खातोय. मला कुणी चारत न्हाय," असं म्हणून ते हात धुवायला गेले. हे त्यांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

सुरुवातीला पुडीनं आपलं काम चोख केलं. अंग भरलं, कातडीला तकाकी आली, भूक दुप्पट झाली. गाव खूश. कुणाच्या म्हशीच्या दुधानं हे झालं यावरून दोन घरांत चांगलीच जुंपली. एक म्हातारी तर म्हशीला हळदकुंकू लावून आमच्या दारावरून मिरवत घेऊन गेली. मी दारात उभी राहून म्हशीच्या पाया पडले. दुसरं काय करणार?

थंडीत एकदा ते रानातून आले ते लंगडत. लंगडत होते, पण दुखतंय असं काही चेहऱ्यावर नव्हतं. पायाकडे बघते तर बाभळीचा काटा निम्मा आत गेलेला. मी सुई घेतली आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. लग्न झाल्यापासून त्यांच्या अंगाला मी हात लावला तो हा पहिल्यांदा. तळव्याची कातडी जाड आणि खरखरीत झाली होती. मी काटा काढला, रक्त पुसलं, तरी ते आढ्याकडे बघत बसलेले. मग म्हणाले, "दुखंल. हळू काढ."

"कवाच काढलाय."

त्यांनी पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुढं तव्यावरची भाकरी ते सरळ हातानं उचलायला लागले. बोटांना मुंग्या येतात म्हणायचे, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. मी दोन-चारदा म्हणाले, आता ते सोडा. ते म्हणायचे, "जत्रंपत्तर." मी भांडायला पाहिजे होतं. पण ज्याच्याशी संसारच झाला नव्हता, त्याच्याशी भांडायचं कोणत्या नात्यानं?

कुस्तीच्या फडात बायका जात नसत. जत्रेच्या दिवशी आम्ही घरावरच्या माळवदावर उभ्या राहून हलगी ऐकत होतो. आधीच्या वर्षीचाच सोलापूरकडचा गडी समोर होता. हलगी वाढली, एकदम थांबली आणि ओरडा उठला. सासू म्हणाली, "मारली!" मारलीच होती, पण समोरच्यानं. आपल्या माणसांचा ओरडा वेगळा असतो. मला तो ऐकताक्षणी कळला. मी खाली येऊन चूल पेटवली.

काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. "त्याचं मनगट धरलंय आसं वाटलं मला. म्हणून ताकद लावली. बघतो तर धरलंच नव्हतं." तेवढ्यात तो गडी मागं गेला आणि यांची पाठ मातीला लागली.

दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. दुधाऐवजी गावातली जाणती माणसं आली आणि ओसरीवर बसली. वस्ताद म्हातारे होते, डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. कुणाचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी विचारलं, "पैलवान, आंग तर सोन्यासारखं हाय. दुधात कमी न्हाय, मेहनतीत कमी न्हाय. मग ताकद गेली कुठं? लंगोट ढिला झाला का?"

मी दाराच्या आत उभी होते. मला भीती अशी वाटलीच नाही. दोन माणसांना खरं माहीत होतं. एक ते स्वतः, आणि दुसरी माझ्या अंगावर हात टाकून झोपणारी सासू, ती तर माझ्या शेजारीच उभी होती. मला वाटलं, आता ते पुडीचं सांगतील, गाव चार दिवस रागवेल, मिटेल.

त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "चूक झाली."

सगळ्यांनी एकदम दाराकडे बघितलं. कुणी शिवी दिली नाही. वस्ताद उठले, जाताना "तरणं वय हाय" एवढं म्हणाले. पैलवानाला त्यात माफी होती. मी सासूकडे वळून म्हणाले, "आत्या, तुमी तर माझ्याजवळ निजत व्हता." सासू म्हणाली, "माझा बी डोळा लागत आसंल कवातरी."

त्या दिवसापासून माझ्यात काहीतरी थिजलं. राग आला असता तर बरं झालं असतं. मी भांडी घासली, पाणी आणलं, संध्याकाळी भाकऱ्या केल्या आणि त्या नेहमीसारख्या फुगल्या, हे मला आठवतं. सासूनं माझी वाकळ वेगळी काढून दिली आणि ते घरी झोपायला लागले. गुन्हा आधीच झालेला होता, आता तो करायला हरकत नव्हती.

एकदा मी विचारलं, "तसं का म्हणालात?"

त्यांनी ते नीट विचार करून ठेवलं होतं. "सोमल म्हणलं आसतं, तर आधीच्या समद्या कुस्त्या पुसल्या गेल्या आसत्या. लोक म्हणले आसते, ह्यो पयल्यापासूनच पुडीवरचा गडी. लंगोटाचं म्हणलं, तर ही एकच जाती."

"आन् मी?"

"तू घरातच हायस की."

हे ते दुष्टपणानं बोलले नाहीत. खरंच त्यांना तसं वाटत होतं. पुडी त्यांनी जाणती माणसं येऊन गेली त्याच दिवशी उकिरड्यात टाकली, पण हातपाय परत आले नाहीत. कासरा हातातून सुटायचा. पेला धरायचा तर नजर त्याच्यावर ठेवावी लागे, बघितल्याशिवाय तो हातात आहे की नाही हे त्यांना कळत नसे. रोज चहा देताना मी विचारायचे, "धरला का?" ते हाताकडे बघायचे, "धरला," म्हणायचे, मग मी सोडायचे.

आम्हाला मुलगी झाली, चालायला लागली, बोलायला लागली. माझ्यापुरतं गावानं एकच ठरवून टाकलं होतं. ज्या घरात पैलवान आहे, त्या घरच्या लग्नाला मला हळद लावायला बोलावायचं नाही. जेवायला बोलवत. मांडवात बसायला जागा देत, मुलीच्या हातात लाडू देत. फक्त हळदीची वाटी फिरत फिरत माझ्यापर्यंत आली, की पुढच्या बाईकडे जायची. आमच्या गावात पैलवान नाही असं घर शोधावं लागलं असतं.

एका लग्नात ते मांडवाच्या कडेला बसले होते आणि वाटी मला ओलांडून जाताना त्यांनी बघितली. इतकी वर्षं त्यांनी ते बघितलंच नव्हतं. घरी आल्यावर म्हणाले, "तुला का न्हाय दिली?"

"तुमीच सांगितलंय गावाला."

ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. त्यांच्यासमोर ताट ठेवत होते आणि उचलत होते.

त्या सालच्या जत्रेत जुन्या पैलवानांना फेटे बांधायचे होते. वस्तादांच्या नातवाचं लग्न जत्रेनंतर आठच दिवसांवर होतं, तोही तालमीतलाच. मी माळवदावर होते. हलगी थांबली, ओरडा मात्र झाला नाही. नंतर शेजारच्या मुलानं धावत येऊन सांगितलं, ते असं: यांनी फेटा बांधून घेतला नाही. सगळ्या फडासमोर उभे राहिले आणि त्या बारक्या आवाजात म्हणाले, "माझा लंगोट कवाच ढिला झाला नव्हता. म्या सोमल खाल्ला. माझ्या हातानं खाल्ला, मला कुणी चारला न्हाय. हाताला कळत नव्हतं म्हणून हरलो. बायकूचा काय बी संबंध न्हाय."

ते ऐकताना मात्र मला काहीतरी वाटलं. खरं सांगायचं तर मी आनंदले. जिन्याची पायरी चुकून पडता पडता वाचले. लुगड्याच्या घडीतून हळदीला नेसायची साडी काढून मी ती झटकली आणि दोरीवर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादांची म्हातारी बायको काठी टेकत आमच्या दारात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी घोंगडी अंथरली, चहा टाकला. म्हातारीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बाई, आसला नवरा मिळायला नशीब लागतं. चारचौघांत विष खाल्लं म्हणाला गं, तुझं झाकायला! फडातली गडीमाणसं रडली. आमच्या घरातलं माणूस म्हणलं, आसं मोठं मन म्या बघितलं न्हाय." मग आवाज बारीक करून म्हणाली, "आमच्या दुधावर वाढलेलं आंग, त्याला सोमल कशाला लागतोय? समद्यांना कळतं की. आता तरी त्याला जप."

मी म्हणाले, "ते खरं सांगत व्हते, आजी."

"व्हय व्हय," म्हातारी म्हणाली. चहा पिऊन, मुलीच्या हातावर खडीसाखर ठेवून ती गेली. हळदीचं नावही काढलं नाही.

ते मागच्या अंगणात बसले होते. मी त्यांचा चहा घेऊन गेले. त्यांचा चेहरा कुस्ती मारून आल्यासारखा मोकळा होता, तसा मी तो लग्नानंतर कधी बघितला नव्हता.

"म्हातारी आलती न्हवं? बोलवून गेली का?"

मी पेला त्यांच्या हातात दिला. "धरला का?" हे मी त्या दिवशी विचारलं नाही. हात काढून घेतला.

पेला घसरला आणि उकळता चहा त्यांच्या पायावर गेला. ते माझ्याकडेच बघत होते. "आता बोलवत्याल बघ," म्हणाले, "आता कुणाचं काय राहिलं न्हाय."

पाय लाल झाला होता. त्यांना खाली बघायला सांगावं लागलं. मी आत गेले, डब्यातली हळद काढली, तेलात कालवली आणि त्यांच्या पायाला लावून दिली.